शहरी कष्टकरी कुटुंबांसाठी समुदाय-आधारित आरोग्य विमा

पार्श्वभूमी

फेरीवाले, घरकामगार, बांधकाम मजूर यांच्या घरात एक व्यक्ती रुग्णालयात दाखल झाली की उपचारांचा खर्च येतो आणि मजुरीही बुडते. मग दागिने गहाण ठेवावे लागतात किंवा व्याजाने पैसे काढावे लागतात. हे टाळण्यासाठी एखाद्या वस्तीतील, बचत गटातील किंवा कामगार संघटनेतील सभासद दरवर्षी ठरावीक वर्गणी भरतात व आजारपणाच्या खर्चाचा भार वाटून घेतात. यास समुदाय-आधारित आरोग्य विमा म्हणतात. काही संस्था असा निधी स्वतः चालवतात, तर काही संस्था सभासदांसाठी विमा कंपनीकडून गट विमा घेतात.

उदाहरण : विमो सेवा

असंघटित क्षेत्रातील महिलांची ‘सेवा’ ही संघटना १९७२ मध्ये अहमदाबाद येथे स्थापन झाली. तिने १९९२ मध्ये सभासदांसाठी विमा योजना सुरू केली. हप्ता दरवर्षी भरण्याची किंवा सेवा बँकेत ठेव ठेवून तिच्या व्याजातून भरण्याची सोय होती. पुढे पती व मुलांनाही यात सामील करता येऊ लागले. सभासद महिला आधी रुग्णालयाचे बिल भरत व नंतर कागदपत्रे देऊन रक्कम परत घेत. हाताशी पैसे नसलेल्यांची अडचण पाहून, रुग्ण दाखल असतानाच रक्कम देण्याची पद्धतही तेथे करून पाहण्यात आली.

सभासद होण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

- बिल आधी स्वतः भरावे लागते का? रक्कम किती दिवसांत परत मिळते?
- वर्षाला जास्तीत जास्त किती रक्कम मिळते?
- आधीपासूनचे आजार व बाळंतपण यांचा समावेश आहे का?
- बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळते का?
- कोणती रुग्णालये चालतात?
- नूतनीकरणाची शेवटची तारीख कोणती?

दाव्यासाठी जपून ठेवावयाची कागदपत्रे

- डिस्चार्ज कार्ड व केस पेपर
- रुग्णालयाचे मूळ बिल व पावती
- डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची बिले व तपासण्यांचे अहवाल
- सभासद कार्ड, ओळखपत्र व बँक पासबुकची प्रत

मूळ कागद जमा करण्यापूर्वी झेरॉक्स काढून ठेवावी.

आयुष्मान भारत योजना

प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. पात्र कुटुंबास संलग्न रुग्णालयात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रोखरहित उपचार मिळतात व त्यासाठी हप्ता भरावा लागत नाही. घरकामगार, फेरीवाले, सफाई कामगार, बांधकाम मजूर असे शहरी कामगार गट यात आहेत. ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना उत्पन्नाची अट नाही. मात्र रुग्णालयात दाखल न होता घेतलेले बाह्यरुग्ण उपचार व बुडालेली मजुरी यांचा यात समावेश नाही.

म्हणून प्रथम १४५५५ या क्रमांकावर आपल्या कुटुंबाची पात्रता तपासावी. पात्र असल्यास कार्ड काढून घ्यावे आणि उरलेल्या गरजेपुरताच समुदाय विम्याचा विचार करावा. वर्गणी भरल्यावर पावती अवश्य घ्यावी.