किरमिजी रंगाचे झाड

धारवाडहून गोव्याच्या रस्त्याला लागले की केलगेरीचा तलाव दिसतो, आणि पुढे पश्चिमेस हळूहळू साग व ऐन यांचे रान सुरू होते. या रानात ओक वृक्ष शोधून सापडावयाचा नाही. हिमालयात त्याच्या अनेक जाती आहेत. दक्षिण द्वीपकल्पात मात्र तो आपोआप उगवत नाही. तरीही मराठी घरातील स्त्री हुबळीच्या पेठेत ‘किरमिजी’ रंगाचे लुगडे मागते, तेव्हा त्या शब्दामागे एक ओकच उभा असतो.

भूमध्य समुद्राभोवतीच्या खडकाळ टेकड्यांवर हे सदाहरित, बहुधा झुडुपाएवढेच झाड वाढते. नाताळच्या शुभेच्छापत्रांवर हॉलीची काटेरी पाने आपण पाहतो. याची पाने तशीच, पण लहान. त्याच्या डहाळ्यांवर वाटाण्याएवढे तांबूस मणी चिकटलेले असत. अंडी फुटण्यापूर्वी ते नखांनी खुडावयाचे, मारून वाळवावयाचे आणि तुरटी लावलेल्या लोकरीला किंवा रेशमाला त्यांचा रंग द्यावयाचा, अशी रीत होती. स्पेनमधील गरीब लोक कराचा निम्मा भरणा या मण्यांच्या उत्पन्नातून करीत, असे पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो.

ग्रीकांनी या मण्यांना ‘दाणा’ म्हटले. वस्तुतः ती हालचाल न करणारी कीटकाची मादी! आपल्याकडे लाखेला संस्कृतात ‘कृमिज’, म्हणजे किड्यापासून झालेली, असे नाव होते. फारसी ‘किर्मिझ’चा संबंध पंडित याच शब्दाशी जोडतात. त्या फारसी शब्दावरून आपला ‘किरमिजी’, इंग्रजांचा ‘क्रिमझन’ आणि पोर्तुगिजांचा ‘कार्मेझीं’ झाला. ग्रीक पंडितांच्या नजरेतून जे निसटले, ते या नावाने अचूक सांगितले, असे मला वाटते.

१४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडले आणि शिंपल्यांपासून होणारा जांभळा राजरंग दुर्मिळ झाला. तेव्हा त्याच शतकात पोप दुसरे पौल यांनी कार्डिनलांच्या वस्त्रांसाठी या ओकावरील किड्याचा रंग ठरविला. टेकडीवर मणी खुडणाऱ्यांना त्या वस्त्रांचे दर्शन क्वचितच घडले असेल!

स्पॅनिश लोकांनी १५२१ मध्ये मेक्सिको जिंकल्यावर निवडुंगावरील कोचिनील किडा युरोपात येऊ लागला. त्यात रंग कितीतरी पटींनी अधिक, म्हणून ओकाचा व्यापार मागे पडला. ईस्ट इंडिया कंपनीलाही त्याचा लोभ सुटला. १७९५ मध्ये भारतात किडा आला खरा, पण तो हलक्या जातीचा निघाला; रंग मिळाला थोडा, आणि निवडुंग मात्र त्याने फस्त केला.

आपल्या सुती लुगड्यांचा जुना तांबडा रंग आलीच्या मुळांचा असे; सुतावर किड्याचा रंग नीट बसत नाही. १८५६ नंतर रासायनिक रंग निघाले, आणि पुढे आल, लाख व कोचिनील या तिन्हींची मागणी ओसरली. दुकानदार मात्र अजूनही ‘किरमिजी’च म्हणतो.