क्लबचा दुसरा कोर्स कुठे गेला?

आजचा एपिसोड गोल्फवर आहे. थांबा, स्किप करू नका. मी पण धाराशिवचाच, आपल्याकडे गोल्फ म्हणजे रिमोट फिरवताना मध्येच दिसणारा खेळ. पण ही गोष्ट खेळापेक्षा जमिनीची आहे, आणि जमिनीचा विषय आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही.

१८२९ साली कोलकात्यात एक गोल्फ क्लब निघाला. ब्रिटनबाहेरचा जगातला सगळ्यात जुना म्हणून तो ओळखला जातो. मुंबईतही १८४२ मध्ये असाच क्लब सुरू झाला होता, पण तो पुढे बंद पडला. कोलकात्याचा मात्र टिकला. आधी दमदम, मग शहरातलं मोठं मैदान, आणि शेवटी दक्षिणेला टॉलीगंज, असा त्याचा प्रवास. १९११ साली पंचम जॉर्ज भारतात आला, तेव्हा नावाला 'रॉयल' जोडलं गेलं. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब.

आता मुद्द्याचं. टॉलीगंजला या क्लबकडे एक नाही, दोन कोर्स होते. दोन्ही १८ होलचे. एका १८ होलच्या कोर्सला साधारण १०० ते १५० एकर जागा लागते. म्हणजे दोन मिळून आपल्याकडच्या एखाद्या छोट्या वाडीचं अख्खं शिवारच की! आणि खेळणारे किती? क्लबाचे सभासद आणि त्यांचे पाहुणे, बस.

मग आलं १९४७. फाळणी झाली आणि पूर्व बंगालमधून लाखो माणसं कोलकात्याकडे निघाली. स्टेशनांवर, छावण्यांमध्ये, जागा मिळेल तिथे राहिली. क्लबच्या आसपासच बिजयगढ, आझादगढ अशा निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. रिकाम्या जागा स्वतःच ताब्यात घेऊन बसवलेल्या अशा वसाहतींना तिकडे 'जबरदखल' कॉलनी म्हणायचे. शब्द कळायला डिक्शनरी लागत नाही ना?

भिंतीच्या अलीकडे माणसं दाटीवाटीने राहतायत आणि पलीकडे दोन-दोन कोर्सची हिरवळ. हे किती दिवस चालणार? स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगाल सरकारने क्लबची जवळजवळ निम्मी जागा घरांसाठी घेतली. दुसरा कोर्स गेला. तिथे सरकारी हाउसिंगच्या इमारती आल्या, दूरदर्शन केंद्र आलं. त्या वस्तीचं नाव काय माहितीये? गोल्फ ग्रीन! गोल्फ गेलं, नाव राहिलं. पहिला कोर्स आजही शेजारीच आहे.

हे वाचताना मला २०१६ आठवलं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येत होतं. आपल्याकडे धाराशिवलाही टँकरची वाट बघणं चालूच होतं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे पुढचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. प्रश्न तोच होता: पिचवरच्या गवताला पाणी आधी, की माणसाला?

मला क्रिकेट आवडतं, तरी तेव्हा उत्तर द्यायला वेळ लागला नाही. म्हणून क्लबचा दुसरा कोर्स गेला याचं मला फार वाईट वाटत नाही. पण एक गोष्ट खटकते. मोकळी जागा एकदा बांधली की परत मोकळी होत नाही. आज कोलकात्यासारख्या शहरात तेवढी हिरवळ नव्याने कोण तयार करणार? कदाचित 'क्लब की घरं' एवढे दोनच पर्याय नव्हते. भिंत पाडून ती जागा सगळ्यांसाठी खुली ठेवणं, हा तिसरा पर्यायही होता. आपल्या गावातलं मैदान किंवा गायरान कुणाला द्यायचं ठरेल, तेव्हा हा तिसरा पर्याय कुणीतरी ग्रामसभेत उठून बोलायला हवा.

तुमच्या गावात आहे का अशी जागा, जिचं फक्त नाव उरलंय? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. भेटूया!