कॅथेच्या शोधातला ब्रदर : बेंतो द गोइश

१/ मार्को पोलोने वर्णिलेला ‘कॅथे’ देश नेमका कोठे आहे? सोळाव्या शतकाच्या अखेरीसही युरोपात यावर एकमत नव्हते. हा प्रश्न प्रत्यक्ष वाट तुडवून सोडविला एका साध्या ब्रदरने.

२/ बेंतो द गोइश मूळचे अझोर्स बेटांवरचे. सैनिक म्हणून ते हिंदुस्थानात आले आणि गोव्यात जेझुइट संघात दाखल झाले. धर्मगुरू न होता ते अखेरपर्यंत ब्रदरच राहिले. १५९५ मध्ये अकबराच्या लाहोर दरबारी गेलेल्या जेझुइटांत तेही होते.

३/ कॅथे म्हणजेच चीन, असे मातेओ रिच्ची चीनमधून कळवीत होते. दरबारातील जेझुइटांना मात्र व्यापाऱ्यांच्या बोलण्यावरून तो निराळा देश वाटे. खात्री करण्यासाठी १६०२ मध्ये गोइश आग्र्याहून निघाले. वेश आर्मेनियन व्यापाऱ्याचा, नाव अब्दुल्ला आणि सोबतीला आयझॅक नावाचा आर्मेनियन.

४/ लाहोर, काबूल, पामीर, यारकंद असा प्रवास झाला. पुढे बीजिंगहून परतणारे व्यापारी भेटले. तेथील केरातून उचललेला एक कागद त्यांच्याजवळ होता आणि त्यावर मजकूर होता पोर्तुगीज! कॅथे आणि चीन एकच, याविषयी गोइश यांना शंका उरली नाही.

५/ १६०५ च्या अखेरीस चीनच्या सीमेवरील सुचौ येथे ते अडकले. रिच्चींनी पाठविलेला माणूस पोहोचला मार्च १६०७ च्या शेवटी. ११ एप्रिलला गोइश वारले.

६/ तांड्यातील सहप्रवाशांकडून येणे असलेल्या रकमा त्यांच्या रोजनिशीत नोंदविलेल्या होत्या. त्यामुळे ऋणकोंनी ती फाडून टाकली. हाती लागलेले तुकडे आणि आयझॅकच्या आठवणी जुळवून रिच्चींनी हा वृत्तांत सिद्ध केला.