कोठडीतील तरुणांचा आहार आणि वर्तन

पोटात काय जाते यावर डोके किती शांत राहते, हा प्रश्न इंग्लंडमधील आयल्सबरी येथील तरुण कैद्यांच्या तुरुंगात तपासला गेला. बर्नार्ड गेश आणि सहकाऱ्यांनी 231 कैद्यांचे दोन गट केले. एका गटाला रोज जीवनसत्त्वे, खनिजे आणि आवश्यक मेदाम्ले असलेल्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण बिनकामाच्या गोळ्या. कुणाला कोणती मिळते हे कैद्यांनाही ठाऊक नव्हते आणि शिपायांनाही नाही. निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांकडून तुरुंगाचे नियम मोडण्याचे प्रकार दुसऱ्या गटापेक्षा सुमारे 26 टक्के कमी झाले.

यातली खरी गोम वेगळीच आहे. त्या तुरुंगात मिळणारे जेवण कागदावर वाईट नव्हते. पोरे निवड चुकीची करत होती. ताटात भाजी असणे वेगळे आणि ती पोटात जाणे वेगळे, हे मधल्या सुट्टीत डबे पाहणाऱ्या आम्हा शिक्षकांना कुणी सांगायला नको! मेदाम्लांसाठी महागडी बाटलीच हवी असेही नाही, आपल्या कोकणातल्या बांगड्यात आणि तारलीत ती भरपूर असतात.

नेदरलँड्समध्ये 221 तरुण कैद्यांवर असाच प्रयोग झाला, तो 2010 मध्ये छापून आला. तिथेही नोंदवलेल्या घटना घटल्या. मात्र प्रश्नावलीतून मोजलेल्या आक्रमकतेत ठळक फरक दिसला नाही. म्हणून ‘गोळी दिली की पोरगं सुधारलं’ असा अर्थ कुणी काढू नये. घर, शाळा, सोबत, नशा या गोष्टी गोळीने मिटत नाहीत. पण उपाशी किंवा अर्धपोषित मुलाला समुपदेशन कितपत पचेल, हा सवाल आम्हाला रास्त वाटतो.

आपल्याकडे 18 वर्षांखालील मुलांना तुरुंगात नव्हे, निरीक्षणगृहात ठेवतात. त्यांच्या आहाराचे प्रमाण 2016 च्या बाल न्याय आदर्श नियमांत ठरवून दिले आहे, आणि बाल न्याय मंडळाने महिन्यातून किमान एकदा अशा गृहांची पाहणी करावी असे कायदा सांगतो. मुलगा आत असेल तर वालिदैननी भेटीत ‘जेवलास का?’ एवढ्यावर थांबू नये. काय जेवलास, किती उरवलंस, हेही विचारावे. तक्रार असल्यास ती मंडळापुढे लेखी द्यावी.