मागून बसलेली गाडी: दारू, स्प्रिंगा आणि दोन दांडे

बैलगाडीत मागे जास्त ओझं भरलं की पुढचं जू वर उचललं जातं. गाडी उलाळ झाली, म्हणतात. आजचा भाग याच दुखण्याचा आहे, फक्त अमेरिकेतला, आणि बैलांच्या जागी मोटार.

निमित्त घरचंच. आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो. गेल्या उन्हाळ्यात कॅम्पर जोडला आणि आमच्या गाडीचं बूड बसलं. एका दुकानात मागच्या स्प्रिंगांना हवेच्या पिशव्या लावून दिल्या. गाडी अगदी सपाट दिसायला लागली, आम्ही खूश! पण हायवेवर स्टिअरिंग इतकं हलकं लागत होतं की मी पहिल्याच एक्झिटला बाहेर पडले. मग शोधायला बसले, की लोक आधी काय करत होते?

कॅम्परचं वेड इथे जुनं. 'टिन कॅन टुरिस्ट्स' ही मंडळी 1919 मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथे जमली. 1930च्या दशकात आमच्या डेट्रॉइटच्याच आर्थर शर्मन यांचे 'कव्हर्ड वॅगन' ट्रेलर धडाक्यात खपत होते. गाडी बसली तर सरळ उपाय म्हणजे मागची स्प्रिंग कडक करा.

त्यात पटाईत होते ते चोरटी दारू वाहणारे! मागून बसलेली गाडी दिसली की पोलिसांना संशय यायचा. म्हणून हे लोक मागे इतक्या कडक स्प्रिंगा घालत की भरलेली गाडी सपाट दिसे. रिकामी झाली की मात्र शेपूट वर! 1949 मध्ये मिशिगनच्याच लान्सिंगमध्ये 'एअर लिफ्ट' कंपनी निघाली आणि स्प्रिंगेत हवेची पिशवी घालायची सोय झाली. म्हणजे हवा भरा, सोडा.

आता यातली मेख बघा. दारूवाल्याचा माल डिकीत असायचा, त्याला वजन फक्त लपवायचं होतं. कॅम्परचं वजन मात्र मागच्या चाकांच्याही मागे, हिचच्या गोळ्यावर टेकतं. साधारणपणे ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के. धरा 250 किलो. गोळा मागच्या एक्सलपासून 1.2 मीटर मागे आणि दोन एक्सलमधलं अंतर 3 मीटर असेल, तर पुढच्या चाकांवरून 100 किलो उचलले जातात आणि मागच्यांवर 350 पडतात. हवा भरून बूड वर येतं, पण ते 100 किलो परत पुढे जात नाहीत. वळायचं आणि बरंचसं ब्रेकिंग पुढच्या चाकांनीच करायचं असतं ना?

यावरचं उत्तर म्हणजे वजन वाटणारा हिच. 1950च्या दशकात गाड्यांच्या शेपट्या लांबत होत्या, तेव्हा तो चांगलाच रुळला. हिचपासून दोन लवचीक पोलादी दांडे मागे ट्रेलरच्या सांगाड्याखाली जातात आणि साखळ्यांनी वर ताणले जातात. आपण हातगाडीचे दांडे उचलतो ना, तसंच. थोडं वजन गाडीच्या पुढच्या चाकांवर जातं, थोडं ट्रेलरच्या. हिचवाल्यांनी याची जाहिरातही भन्नाट केली: पुढच्या चाकांवर चालणारी ओल्ड्समोबिल टोरोनाडो, मागची चाकं चक्क काढलेली, आणि तरी ट्रेलर ओढतेय! (घरी करून बघू नका.)

एक सांगते, सगळ्याच गाड्यांना हा हिच चालत नाही. मॅन्युअल आधी वाचा. मागच्या एक्सलची मर्यादा पिशव्यांनी वाढत नाही, दांड्यांनीही नाही.

आम्ही शेवटी ट्रक स्टॉपच्या काट्यावर तीनदा वजन केलं: नुसती गाडी, कॅम्परसह, आणि दांडे ताणून. पिशव्यांमधली हवा आधी कमीत कमी केली, नाहीतर दांड्यांचं काम कळतच नाही. पुढचं वजन मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढं परत आलं. मागची बाजू अजून दोन बोटं खाली आहे. शेजारी विचारतात, हवा भरू का? मी नको म्हणते.