दान दिलेलीं निशाणें

निशाणाच्या पोटांत दुसरें निशाण असणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. ब्रिटिश साम्राज्यांतील कित्येक वसाहतींनीं आपल्या निशाणाच्या कोपऱ्यांत इंग्लंडचें निशाण वर्षानुवर्षें वागविलें. परंतु १९२८ सालच्या ३१ मे रोजीं दक्षिण आफ्रिकेच्या युनियननें जें निशाण उभारलें, त्याच्या मध्यभागीं एक सोडून तीन लहान निशाणें होतीं, आणि त्यांपैकीं एकाच्या कोपऱ्यांत पुन्हां चौथें होतें. नारिंगी, पांढरा व निळा असे तीन आडवे पट्टे, आणि मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर या तीन चिमुकल्या आकृति. देखणें निशाण करावयास बसलेला मनुष्य असलें कांहीं करणार नाहीं. तह करावयास बसलेला मात्र करील. तो तह कोणाकोणांत झाला आणि त्या बैठकीस कोणास बोलावलें नव्हतें, हें पाहिलें म्हणजे या देशांतील प्रांतिक निशाणांचा पुढील सर्व इतिहास उलगडूं लागतो.

त्या तीन आकृतींपैकीं एक इंग्लंडचा युनियन जॅक. केप व नाताळ या दोन ब्रिटिश वसाहतींचा प्रतिनिधि म्हणून तो काठीकडील बाजूस होता. मधली आकृति ऑरेंज फ्री स्टेट या बोअर लोकसत्ताक राज्याच्या निशाणाची. तें निशाण हॉलंडचा राजा तिसरा विल्यम यानें पाठविलें होतें व १८५६ सालीं तें उभारलें गेलें. त्यांत चार पांढरे आणि तीन नारिंगी पट्टे असून कोपऱ्यांत हॉलंडचें तिरंगी निशाण होतें; वर सांगितलेलें चौथें निशाण तें हेंच. तिसरी आकृति ट्रान्सव्हालच्या 'फिअरक्लर' म्हणजे चौरंगी निशाणाची. तांबडा, पांढरा, निळा असे तीन आडवे पट्टे आणि काठीलगत एक उभा हिरवा पट्टा. हें निशाण डर्क व्हान डर होफ नांवाच्या धर्मोपदेशकानें योजलें व १८५७ सालीं तें प्रथम फडकलें. या दोन्ही बोअर राज्यांनीं १८९९ पासून १९०२ पर्यंत इंग्रजांशीं झुंज दिली. तींत तीं हरलीं आणि त्यांचीं निशाणें खालीं आलीं. १९१० सालीं चारही मुलूख एक करून युनियन निर्माण झाली, तेव्हां जिंकणाऱ्याचें निशाण वर आणि हरलेल्यांचीं पेटींत, अशी स्थिति होती.

१९२४ सालीं जनरल हर्टझॉग यांचा पक्ष अधिकारावर आला आणि पेटीचें झांकण उघडलें. अंतर्गत कारभाराचे मंत्री डॉ. मलान यांनीं १९२६ सालीं नव्या राष्ट्रीय निशाणाचें बिल मांडलें. त्यांच्या योजनेंत युनियन जॅकला जागा नव्हती. ज्या निशाणाखालीं आपली गांवें जाळलीं गेलीं आणि आपल्या बायकामुलांस छावण्यांत कोंडलें गेलें, तें निशाण बोअरांनीं आपलें कां म्हणावें, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो खोटा नव्हता. उलट नाताळमधील इंग्रज इतके खवळले कीं, युनियनमधून फुटून निघण्याची भाषा होऊं लागली. अखेरीस १९२७ च्या ऑक्टोबरांत हर्टझॉग व स्मट्स यांच्यांत तडजोड झाली, आणि कोणाचेंच निशाण न गाळतां सर्वांचीं लहान करून मधोमध बसविण्यांत आलीं. शिवाय युनियन जॅकही शेजारीं फडकत राहावयाचा होता, व तो १९५७ पर्यंत तसा राहिला. दोन्ही बाजूंचा मान राहिला, दोन्ही बाजूंस थोडें थोडें दुःख झालें. राजकारणांत याहून बरा निकाल क्वचितच लागतो.

मात्र या 'दोन्ही बाजू' म्हणजे गोऱ्यांच्याच दोन बाजू होत्या. देशांतील लोकांपैकीं सुमारें दोनतृतीयांश आफ्रिकन होते. ज्या नाताळांतील इंग्रज एवढे संतापले होते, त्या नाताळांत १९११ च्या खानेसुमारीप्रमाणें हिंदी लोकांची संख्या गोऱ्यांहून अधिक होती. हे हिंदी लोक १८६० पासून उंसाच्या मळ्यांवर राबविण्यासाठीं तेथें नेलेले मजूर, त्यांच्या मागून गेलेले व्यापारी, आणि या दोघांचीं मुलेंबाळें होत. आफ्रिकनांसाठीं वा हिंदी लोकांसाठीं त्या निशाणांत एक दोराही विणलेला नव्हता. आणि योगायोग असा कीं, निशाणाचें बिल येण्याच्या आदल्याच वर्षीं, १९२५ सालीं, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसनें आपलें काळें, हिरवें व सोनेरी निशाण ठरविलें होतें. गोऱ्यांच्या पार्लमेंटांत त्या वेळीं त्याची कोणी दखलही घेतली नाहीं.

आतां दुसरें प्रकरण. १९१३ च्या जमीन-कायद्यानें आफ्रिकनांस देशाच्या सुमारें सात टक्के भूमीवरच जमीन घेण्याची मुभा ठेविली. १९३६ च्या कायद्यानें ती मर्यादा सुमारें तेरा टक्क्यांपर्यंत नेली. १९४८ सालीं डॉ. मलान यांचा पक्ष 'अपार्थाइड' म्हणजे वर्णपृथक्तेचें धोरण घेऊन निवडून आला. त्या पक्षाच्या पुढील कारभाऱ्यांनीं या तेरा टक्क्यांच्या तुकड्यांस राष्ट्रांचें रूप देण्याचें ठरविलें. त्यांचा सिद्धान्त ऐकावयास मोठा गोड होता: आफ्रिकन ही एक जनता नाहीं, तीं अनेक राष्ट्रें आहेत, म्हणून प्रत्येकास आपली मायभूमि, आपलें सरकार आणि आपलें निशाण असावें. या प्रदेशांची सरकारी नांवें वेळोवेळीं बदललीं, पण लोकांत 'बांटुस्तान' हाच शब्द रूढ झाला. हिंदुस्थान, पाकिस्तान या नांवांच्या धर्तीवर बनविलेला हा शब्द त्या धोरणाचे टीकाकार उपहासानें वापरीत. असे दहा बांटुस्तान झाले. त्यांपैकीं चारांस प्रिटोरियाच्या सरकारनें 'स्वतंत्र' म्हणून जाहीर केलें: १९७६ सालीं ट्रान्सकाय, १९७७ सालीं बोफुथाट्स्वाना, १९७९ सालीं व्हेंडा आणि १९८१ सालीं सिस्काय.

या चारांचीं निशाणें केवळ निशाणें म्हणून पाहिलीं, तर १९२८ च्या त्या गोधडीपेक्षां तीं किती तरी सुबक आहेत, हें कबूल केलें पाहिजे. ट्रान्सकायचे गेरूसारखा तांबडा, पांढरा आणि हिरवा असे तीन आडवे पट्टे. तो गेरू पाहून झोसा खेड्यांतील गेरूनें रंगविलेल्या घोंगड्यांची आठवण कोणासही व्हावी. बोफुथाट्स्वानाचें निशाण निळें. त्यावर नारिंगी तिरपा पट्टा आणि वरच्या कोपऱ्यांत पांढऱ्या वर्तुळांत बिबळ्याचें काळें तोंड. बिबळ्याचें कातडें हें तिकडील राजेमहाराजांचें वस्त्र, तेव्हां बिबळ्या म्हणजे राज्याधिकार. व्हेंडाच्या निशाणांत काठीलगत निळा उभा पट्टा, पुढें हिरवा, पिवळा व तपकिरी असे आडवे पट्टे आणि पिवळ्यावर त्या प्रदेशाच्या नांवाचें इंग्रजी आद्याक्षर. चिन्ह सुचेनासें झालें म्हणजे माणसें अक्षराकडे वळतात, हा अनुभव इतरत्रही येतोच. सिस्कायच्या निळ्या निशाणावर पांढरा तिरपा पट्टा व त्यावर काळा क्रौंच पक्षी. झोसा लोक त्यास 'इंड्वे' म्हणतात. लढाईंत पराक्रम गाजविणाऱ्या वीरास त्याचें पीस मस्तकीं धारण करण्याचा मान मिळत असे. तात्पर्य, चिन्हें परकीं नव्हतीं. तीं त्या त्या लोकांच्या जिव्हाळ्याचीं होतीं, आणि कपटाची खरी खोली तेथेंच होती.

कारण चिन्हांवरून नजर काढून नकाशाकडे वळविली कीं सर्व सोंग उघडें पडतें. 'बोफुथाट्स्वाना' या नांवाचा अर्थ ट्स्वाना लोकांस एकत्र आणणारी भूमि असा आहे. प्रत्यक्षांत तें राज्य एकमेकांपासून दूर फेंकलेल्या सहा-सात तुकड्यांचें होतें, आणि त्याचा थाबा न्चू हा तुकडा तर ऑरेंज फ्री स्टेटच्या पोटांत एकटाच पडला होता. ट्रान्सकाय व सिस्काय या दोहोंतही झोसाच राहात. प्रत्येक राष्ट्रास एक राज्य हाच सिद्धान्त खरा असता, तर एका झोसा राष्ट्रास दोन निशाणें देण्याचें कारण काय? ट्रान्सकायच्या स्वातंत्र्याच्याच दिवशीं, २६ ऑक्टोबर १९७६ रोजीं, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें तें स्वातंत्र्य १३४ विरुद्ध शून्य मतांनीं अमान्य केलें. एकटी अमेरिका तटस्थ राहिली. त्याला मान्यता देणारें राज्य जगांत एकच, दक्षिण आफ्रिका. आणि १९७८ सालीं एका प्रदेशाच्या वादावरून ट्रान्सकायनें त्या एकुलत्या एक मित्राशींही राजकीय संबंध तोडले! एवढा एक प्रसंग खेळांतल्या राजानें खऱ्या राजासारखा साजरा केला खरा.

पण हें हंसण्यावारीं नेण्याजोगें प्रकरण नव्हतें. १९७० च्या कायद्यानें प्रत्येक आफ्रिकन मनुष्य कोणत्या ना कोणत्या बांटुस्तानचा नागरिक ठरविला गेला. मग तो जन्मभर जोहान्सबर्गांत राहिलेला असो, वा त्यानें ती 'मायभूमि' कधीं डोळ्यांनींही न पाहिलेली असो. बांटुस्तान स्वतंत्र झाला कीं त्याच्या माथीं मारलेल्या लोकांचें दक्षिण आफ्रिकेचें नागरिकत्व संपे. हें धोरण शेवटास गेलें म्हणजे दक्षिण आफ्रिकेचें नागरिकत्व असलेला एकही काळा मनुष्य उरणार नाहीं, असें कॉनी मुल्डर या मंत्र्यांनीं १९७८ सालीं पार्लमेंटांत उघड सांगितलें. निशाणाची किंमत ही अशी होती. दुसरीकडे आपलें निशाण मिळविण्यासाठीं लोक मरतात. येथें एक निशाण हातीं देऊन देश काढून घेतला जात होता.

ही किंमत ओळखणारे पुष्कळ होते. रॉबेन बेटावरील तुरुंगांत जन्मठेप भोगणारे नेल्सन मंडेला हे मूळचे ट्रान्सकायचे, आणि ट्रान्सकायचे मुख्य कारभारी कैसर मातांझिमा हे नात्यानें त्यांचे पुतणे. १९७६ सालीं तुरुंग-खात्याचे मंत्री जिमी क्रूगर यांनीं बेटावर येऊन मंडेलांस सुचविलें कीं, ट्रान्सकायचें राज्य मान्य करून तेथें जाऊन राहात असाल तर शिक्षेंत मोठी सूट मिळेल. मंडेलांनीं नकार दिला. पुढें चौदा वर्षें ते तुरुंगांतच राहिले. क्वाझुलूचे प्रमुख बुथेलेझी यांचें व मंडेलांच्या पक्षाचें पुढें हाडवैर झालें, परंतु त्यांनींही असलें स्वातंत्र्य कधीं पत्करलें नाहीं, हें त्यांच्या नांवावर जमा धरलें पाहिजे.

सिस्कायचे लेनॉक्स सेबे यांनीं मात्र तें पत्करलें. त्यांनींच नेमलेल्या चौकशी-मंडळानें प्रतिकूल सल्ला दिला असतां पत्करलें. १९८१ च्या डिसेंबरांत बिशो येथें मध्यरात्रीं निशाण चढविण्याचा समारंभ चालू असतां निशाणाची काठीच कलंडली, आणि दक्षिण आफ्रिकेच्या शिपायांनीं ती हातांनीं धरून उभी ठेविली. एखाद्या नाटककारानें हा प्रसंग लिहिला असता, तर तो ओढूनताणून आणला आहे असें आपण म्हटलें असतें. त्याच बिशोंत ७ सप्टेंबर १९९२ रोजीं सिस्कायच्या फौजेनें काँग्रेसच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या व २८ मोर्चेकरी ठार झाले.

काँग्रेसच्या निशाणाची कथा याच्या अगदीं उलट आहे. १९६० सालीं काँग्रेस बेकायदा ठरली आणि तिचें निशाण लावणें हा गुन्हा झाला. तरीही १९८५ च्या जुलैंत क्रॅडॉक गांवीं मॅथ्यू गोनिवे व त्यांचे तीन सहकारी यांच्या अंत्ययात्रेंत हजारोंच्या समुदायांत तें काळें-हिरवें-सोनेरी निशाण उघड फडकलें. त्याच दिवशीं सरकारनें आणीबाणी पुकारली. गीताच्या बाबतींत तर विलक्षणच प्रकार झाला. 'न्कोसी सिकेलेल इ-आफ्रिका' हें इनॉक सोंटोंगा यांचें १८९७ सालचें प्रार्थनागीत काँग्रेसनें आपलें मानलें होतें, आणि ट्रान्सकाय व सिस्काय यांनींही तेंच राष्ट्रगीत म्हणून घेतलें. म्हणजे तेंच गीत बिशोच्या सरकारी समारंभांत बँडवर वाजे, आणि तेंच बंदी मोडून जमलेले लोक कबरींभोवतीं गात.

१९९४ सालीं हा सारा पसारा मिटला. मार्च महिन्यांत बोफुथाट्स्वानाचे मांगोपे यांची सत्ता कोसळली, सिस्कायच्या लष्करी अधिपतीनें राजीनामा दिला, आणि २७ एप्रिलपासून दहाही बांटुस्तान देशांत विलीन झाले. नव्या राष्ट्रीय निशाणासाठीं लोकांकडून सात हजारांवर नमुने आले होते. पण एकही पसंत पडला नाहीं. अखेर सरकारी चिन्हखात्याचे प्रमुख फ्रेडरिक ब्राउनेल यांची आकृति निवडली गेली. १९९३ च्या ऑगस्टांत झुरिक येथें भरलेल्या निशाण-तज्ज्ञांच्या परिषदेंत बसल्या बसल्या त्यांनीं ती कागदावर काढली होती. ती मंडेलांकडे फॅक्सनें धाडली, तेव्हां कागद काळापांढराच निघाला, म्हणून दुकानांतून रंगीत पेन्सिली आणून ती रंगवावी लागली, असें सांगतात. काठीकडून दोन वाटा येऊन एक होतात व पुढें एकीनेंच जातात, अशी ती आकृति, रंग सहा. त्या रंगांचा कोणताही अर्थ सरकारनें अधिकृतपणें सांगितलेला नाहीं. ज्या देशांत प्रत्येक पट्ट्याचा मालक ठरलेला असे, तेथें ही मौनाची युक्ति मला फार शहाणपणाची वाटते.

देशाचे आतां नऊ प्रांत आहेत. प्रांतांनीं ढालीचीं राजचिन्हें घेतलीं, परंतु निशाणाच्या वाटेस बहुतेक कोणी गेले नाहींत. १९९६ सालीं निशाण ठरविलें तें एकट्या म्पुमालांगानें. बिशोंत आज ईस्टर्न केप प्रांताचें विधिमंडळ भरतें. ट्रान्सकाय व सिस्काय हे दोन्ही मुलूख आतां याच प्रांतांत आहेत. आणि ज्या निशाणाच्या पोटांत तीन निशाणें होतीं, त्याचा विनाकारण देखावा करणें हें द्वेषाचें भाषण होय, असा निकाल समता-न्यायालयानें २०१९ च्या ऑगस्टांत दिला. सार्वजनिक ठिकाणांपुरता तो २०२३ सालीं वरिष्ठ न्यायालयानें कायम केला. खऱ्याखुऱ्या अभ्यासासाठीं, कलेसाठीं किंवा लोकहिताच्या वृत्तपत्रलेखनासाठीं तें दाखविण्यास मात्र मनाई नाहीं.