कापूर, काजळी आणि फिल्म

ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) बाजारपेठेतून कापराची पुडी घरी आली की ती घट्ट झाकणाच्या डबीत जाते आणि वर चार मिरे पडतात. कापूर उडू नये म्हणून. आरतीत तो जळतो तेव्हा राख उरत नाही, पण ज्योतीवर वाटी धरली की तळाला मऊ काजळी धरते. पूर्वी बाळाच्या डोळ्यांत घालायचं काजळ त्यातूनच व्हायचं. देवघरातल्या या जिनसेशिवाय दादासाहेब फाळक्यांचा सिनेमा उभा राहिला नसता, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

सगळी करामत कापराच्या रेणूच्या घडणीत आहे. त्यात सहा कार्बन अणूंचं एक कडं असतं आणि कड्याच्या समोरासमोरच्या दोन अणूंना जोडणारा एका अणूचा पूल. या पुलामुळे कडं ताठ राहतं. ते वाकत नाही, सपाटही होत नाही. ही रचना जर्मन रसायनशास्त्रज्ञ युलियस ब्रेट यांनी 1893 मध्ये ओळखली, तर 1903 मध्ये फिनलंडच्या गुस्ताफ कोम्पा यांनी कापूर प्रयोगशाळेत घडवून तिची खात्री पटवली.

असे गोलसर, ताठ रेणू पोत्यातल्या गोट्यांसारखे एकमेकांना जेमतेम टेकून राहतात. घन अवस्थेतही ते जागच्या जागी फिरत असतात. त्यामुळे कापूर द्रव न होता थेट हवेत जातो. पण हाच रेणू दुसऱ्या पदार्थातल्या रेणूंच्या लांब साखळ्यांच्या मध्ये शिरला तर? त्याचा ऑक्सिजनचा अणू साखळीला धरून ठेवतो, उरलेलं ठोकळ्यासारखं अंग साखळ्यांना दूर ठेवतं आणि त्या एकमेकींवरून सरकू लागतात.

अमेरिकेतल्या जॉन वेस्ली हयात यांना हे कारण ठाऊक नव्हतं. ते हस्तिदंताला पर्याय शोधत होते, बिलियर्डच्या चेंडूंसाठी. नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसात त्यांनी कापूर मिसळला, उष्णता आणि दाब दिला आणि 1870 मध्ये पेटंट घेतलं. ठिसूळ पदार्थ लवचीक झाला. हेच सेल्युलॉइड. कंगवे, कॉलर, बाहुल्या त्यातून निघाल्या आणि 1889 पासून ईस्टमन यांची पारदर्शक फिल्म. कापराची मागणी इतकी वाढली की तैवान ताब्यात घेतलेल्या जपानने 1899 मध्ये तिथल्या कापरावर सरकारी मक्तेदारी बसवली.

फाळके 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडावी लागत. दादरच्या घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई हे काम अंधारात बसून करत, कारण उजेड लागला की फिल्म वाया. भोक पाडताना पट्टी तडकायची नाही, हातात वळायची, दातेरी चाकावरून सरकायची. पट्टीत हा मऊपणा होता तो कापरामुळे! फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे कौतुक करताना सरस्वतीबाईंच्या बोटांखालच्या त्या पट्टीचीही आठवण ठेवायला हवी, असे मनापासून वाटते. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांची ‘सैरंध्री’ 1920 मध्ये आली, 1929 मध्ये तिथेच प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, ती नंतर पुण्याला गेली. सातारा-सांगलीच्या जत्रांमध्ये तंबू टाकून खेळ होत, त्या रिळांतही हीच फिल्म असे.

मात्र तिला दोन व्याधी होत्या. कापूर हळूहळू उडत राही, तशी पट्टी आक्रसून कडक होई. आणि पेटली तर स्वतःचाच ऑक्सिजन पुरवून ती पाण्याखालीही जळे. 1950च्या सुमारास कारखान्यांनी ती बंद केली, पण जुनी रिळं उरलीच होती. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारातल्या या ‘नायट्रेट’ फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि मूकपटांच्या काळापासूनचा अनमोल ठेवा गेला. मराठी माणसाला याची हळहळ आजही वाटायला हवी.

कापराचं काम तरीही थांबलं नाही. 1992 मध्ये अॅलन हीगर आणि सहकाऱ्यांनी कापरापासून केलेलं सल्फॉनिक आम्ल पॉलिअॅनिलिन या वीजवाहक प्लास्टिकमध्ये घातलं, तेव्हा एरवी जवळजवळ कशातच न विरघळणारं ते प्लास्टिक सेंद्रिय द्रावकांत विरघळू लागलं.

आणि काजळी? आयआयटी मुंबईत महेश्वर शरोन यांनी 1990च्या दशकात कापूर तापवून त्यातून कार्बनचे अतिसूक्ष्म, सच्छिद्र मणी मिळवले. पुढे मुकुल कुमार यांनी जपानमध्ये योशिनोरी आंदो यांच्यासोबत कापराच्या वाफेला लोहयुक्त फेरोसीनची जोड दिली आणि कार्बनच्या नॅनोनळ्या वाढवल्या. कापराच्या रेणूत कार्बनची कडी आधीच तयार असतात आणि त्याचा ऑक्सिजन नको असलेला कार्बन जाळून टाकतो, म्हणून नळ्या स्वच्छ निघतात, असं त्यांनी मांडलं.